कृष्णवर्णीय माणूस, त्याच्याच नजरेतून: ‘द टाइम इज ऑलवेज नाऊ’ या प्रदर्शनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रदर्शन नेमकं कशाचं होतं?

आफ्रिकी वंशाच्या २२ समकालीन चित्रकार-शिल्पकारांचं. पूर्ण नाव ‘द टाइम इज ऑलवेज नाऊ: आर्टिस्ट्स रीफ्रेम द ब्लॅक फिगर’. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ते फेब्रुवारी ते मे २०२४ या काळात भरलं. तिथून ते इंग्लंडमधल्या प्लिमथला गेलं, मग अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि शेवटी नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं रॅली शहर, असा २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंतचा प्रवास. प्रत्येक मुक्कामी कामांची यादी थोडी बदलली, पण विषय एकच राहिला: कृष्णवर्णीय माणसाचं चित्र, आणि ते काढणाराही कृष्णवर्णीय.

आफ्रिकेतल्या कलेचं प्रदर्शन म्हणायचं का याला?

नाही. यातले बहुतेक जण ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत वाढलेले आहेत. काहींचे पूर्वज गुलाम म्हणून जहाजांतून अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर नेले गेले. काहींचे आईवडील दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका, ग्रेनाडा वगैरे बेटांवरून कामाला म्हणून इंग्लंडला आले. काही अगदी अलीकडे नायजेरिया, केनिया, घाना सोडून बाहेर पडले. लुबैना हिमिद यांचा जन्म झांझिबारचा, मायकल आर्मिटेज आणि वांगेची मुटू यांचा नैरोबीचा, न्जिडेका अकुन्यिली क्रॉसबी नायजेरियातल्या एनुगूच्या. केरी जेम्स मार्शल मात्र अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जन्मलेले. एका दालनात बसले म्हणून हे सगळे एका घरातले होत नाहीत, आणि प्रदर्शनाचाही तसा दावा नव्हता.

नाव असं का?

अर्थ असा की वेळ नेहमी आत्ताचीच असते. जेम्स बाल्डविन या अमेरिकी लेखकाच्या १९५६ सालच्या एका निबंधातून ते घेतलंय. वंशभेद हळूहळू संपेल, थोडी कळ काढा, असं सांगणाऱ्या गोऱ्या उदारमतवाद्यांना त्यात उत्तर होतं.

मांडणी कुणाची?

एको एशुन यांची. लंडनमध्ये जन्मलेले घानावंशीय लेखक आणि क्युरेटर. २००५ ते २०१० या काळात ते लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सचे संचालक होते. २०२२ साली हेवर्ड गॅलरीतलं ‘इन द ब्लॅक फँटॅस्टिक’ हे प्रदर्शनही त्यांचंच. इथे त्यांनी तीन भाग पाडले. पहिल्या भागाचा धागा ‘डबल कॉन्शसनेस’, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी मांडलेली कल्पना: कृष्णवर्णीय माणसाला स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तुच्छतेच्या नजरेतूनही बघावं लागतं. दुसऱ्या भागात इतिहास, तिसऱ्यात रोजचं जगणं आणि आपली माणसं.

भरायला पोर्ट्रेट गॅलरीच का निवडली? समकालीन कलेची दालनं काय कमी आहेत लंडनमध्ये?

खरी गंमत जागेतच आहे. ही गॅलरी १८५६ साली स्थापन झाली ती ब्रिटनच्या इतिहासात ‘नाव काढलेल्या’ माणसांचे चेहरे जमवण्यासाठी. राजेराण्या, सरदार, आरमारप्रमुख, कवी. जुन्या युरोपीय चित्रांत कृष्णवर्णीय माणूस दिसतो तो बहुधा कडेला, हातात तबक घेतलेला किंवा मालकिणीची छत्री धरलेला. त्याचं नाव खालच्या पट्टीवर नसतं. अपवाद आहेत. विल्यम होर यांनी १७३३ साली रंगवलेलं अयुबा सुलेमान डियालो यांचं व्यक्तिचित्र याच गॅलरीत लोकांनी पाहिलंय. गुलामीतून सुटून लंडनला आलेला हा विद्वान मुसलमान गृहस्थ, आणि मुक्त झालेल्या गुलामाचं ब्रिटनमधलं, तैलरंगातलं हे सर्वांत जुनं ज्ञात व्यक्तिचित्र. पण ते चित्र कतारच्या मालकीचं, इथे उसनं आणलेलं. यावरून काय ते समजा.

अशा इमारतीत शिरल्याबरोबर थॉमस जे. प्राइस यांनी केलेली, माणसाहून बरीच उंच अशी एका कृष्णवर्णीय बाईची ब्राँझ मूर्ती समोर उभी. अंगावर साधे कपडे, पवित्रा कुणावर छाप पाडण्याचा नाही. ही बाई कोण? कुणीच नाही. प्राइस अनेक माणसांची निरीक्षणं, छायाचित्रं आणि डिजिटल स्कॅन एकत्र करून एक काल्पनिक व्यक्ती घडवतात. पराक्रम गाजवल्याशिवाय पुतळा मिळत नाही, या समजुतीलाच तो टोला आहे.

केरी जेम्स मार्शल यांच्या चित्रांतली माणसं इतकी काळीकुट्ट का? एवढी काळी माणसं असतात का कुठे?

नसतात, आणि हे मार्शल यांना ठाऊक आहे. १९८० साली त्यांनी अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात, एग टेम्पेरात, एक छोटं आत्मचित्र केलं. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस. दिसतात फक्त डोळ्यांचं पांढरं, दात आणि शर्टाचा त्रिकोण. दातांत एक फट. समाजात असून नसल्यासारखं राहणं म्हणजे काय, हे त्यांना दाखवायचं होतं. तिथून पुढे त्यांच्या माणसांचा रंग काळाच राहिला.

पण ‘काळा’ म्हणजे एक डबा उघडून फासलेला नव्हे. बाजारात काळ्याच्या वेगवेगळ्या ट्यूब मिळतात: आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक, मार्स ब्लॅक. एकीत निळसर झाक, दुसरीत तपकिरी. मार्शल त्यांत इतर रंगांचे अंश मिसळून उबदार काळा, थंड काळा असे थर बसवतात आणि त्यातूनच गाल, खांदा, मांडीचा गोलवा उभा करतात. छापील फोटोत किंवा मोबाइलवर हे सगळं एका सपाट डागात जातं. प्रत्यक्ष चित्रासमोर उभं राहून एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे सरकलं की मग त्या काळ्यात काय काय आहे ते उघडायला लागतं.

काळ्यावर काळं रंगवायची ओढ आपल्याकडच्या एका माणसालाही लागली होती. गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा. १९६० च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये त्यांनी जाड काळ्या रंगात चित्रं केली. उजेड तिरका पडल्याशिवाय त्यातला चेहरा हाती लागत नाही. १९६६ साली ती ग्रोव्हनर गॅलरीत लागली. सूझांचा काळा वेगळा आहे, चिडका आणि धार्मिक, मार्शल यांच्या काळ्याशी त्याचं नातं जोडायची घाई नको. पण एकाचं बघताना दुसरा आठवतो खरा.

एमी शेरल्ड यांच्या चित्रांत उलट त्वचा करड्या रंगाची आहे. ते का?

शेरल्ड कपडे आणि पार्श्वभूमी ठसठशीत रंगांत करतात, आणि त्वचा मात्र करड्या छटांत, जुन्या कृष्णधवल फोटोसारखी. बघणारा त्वचेच्या रंगावर अडकून बसतो. तोच रंग काढून घेतला की त्याला उभं राहण्याची ढब, फ्रॉकचा कापडपणा, नजर या गोष्टींकडे वळावं लागतं. मिशेल ओबामा यांचं २०१८ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेलं अधिकृत व्यक्तिचित्र याच पद्धतीचं. तेव्हा ‘हुबेहूब नाही’ म्हणून कुरकुर झाली होती. मार्शल यांनी रंग शिगेला नेला, शेरल्ड यांनी काढून घेतला. दोन्ही चित्रं एका छताखाली बघायला मिळणं हे या प्रदर्शनाचं मला वाटलेलं सर्वांत मोठं यश, कारण एका प्रश्नाला एकच उत्तर नसतं हे कुठलीही पाटी न वाचता कळत होतं.

एकच काम निवडायचं झालं तर?

बार्बरा वॉकर यांच्या ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ मालिकेतलं.

वॉकर बर्मिंगहॅमच्या. त्या जुन्या युरोपीय मास्टरांची चित्रं घेतात, ज्यांत कुठेतरी कोपऱ्यात एक काळा नोकर किंवा दासी आहे. मग सबंध चित्र त्या जाड पांढऱ्या कागदावर नुसतं दाबून उमटवतात, लग्नपत्रिकेवर उठावाचा गणपती असतो ना, तसं. शाई नाही, रंग नाही. गोरी मंडळी, त्यांचे झालरीचे कपडे, मेज, पडदे, सगळं कागदाच्या उंचसखलपणात विरून जातं. आणि तो एकटा काळा माणूस मात्र ग्रॅफाइट पेन्सिलीने, केसन् केस लावून, पूर्ण रेखाटलेला.

आधी दिसतो तो फक्त एक मुलगा, पांढऱ्या मोकळ्या कागदावर, कुणाकडे तरी मान वर करून बघणारा. तो कुणाकडे बघतोय? कडेने उजेड पडला की मालकिणीच्या बाहीची कड दिसते, हाताची बोटं दिसतात. शतकानुशतकं ज्यांना सर्व प्रकाश मिळाला त्यांना शोधायला वाकावं लागतं. वॉकर यांनी मूळ चित्रात एक रेषही वाढवलेली नाही. फक्त कुणाला दाखवायचं याचा क्रम उलटा केला, आणि त्यासाठी लागलेली साधनं म्हणजे कागद, दाब आणि पेन्सिल. २०२३ साली टर्नर या ब्रिटनमधल्या मानाच्या कला-पारितोषिकाच्या अंतिम यादीत त्यांचं नाव होतं, ते वेगळ्या कामासाठी: विंडरश पिढीतल्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला आलेल्या, ज्या माणसांना सरकारने कागदपत्रं नाहीत म्हणून बेकायदा ठरवलं, त्यांच्या चेहऱ्यांची त्यांच्याच कागदपत्रांवर केलेली रेखाटनं.

कॅनव्हास सोडून आणखी कशावर रंगवलेलं होतं?

आर्मिटेज यांची चित्रं लुबुगोवर असतात. युगांडातलं हे झाडाच्या सालीचं कापड. झाड वड-पिंपळाच्या कुळातलं. साल काढून, भिजवून, लाकडी मोगरीने ठोकत ठोकत ती रुंद करतात. युगांडात हे कापड परंपरेने मृतदेहाला गुंडाळायला वापरत. नैरोबीच्या बाजारात ते पर्यटकांसाठी जेवणाच्या टेबलावरचे तुकडे म्हणून विकायला होतं, तिथे आर्मिटेज यांना ते गवसलं. ठोकताना सालीला भोकं पडतात, ती शिवून घेतात. चित्राच्या मधोमध एखादं भोक, एखादी जाड टाक्यांची शिवण येते आणि चित्रकाराला तिच्या कलाने घ्यावं लागतं. चेहरा नेमका शिवणीवर आला तर? मग तो चेहरा तसाच राहतो.

अकुन्यिली क्रॉसबी यांचं तंत्र निराळं. नायजेरियन मासिकं, जाहिराती, घरचे फोटो यांच्या छापील प्रती कागदावर उलट्या ठेवून रसायनाने त्यांची शाई उतरवायची. लांबून बघितलं तर लॉस एंजेलिसमधल्या एखाद्या घरातलं निवांत दृश्य. जवळ गेलं की पानं, भिंत, फरशी शेकडो लहान नायजेरियन चेहऱ्यांनी भरलेली. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

सगळंच दुःखाचं आणि अन्यायाचं आहे का? मुलांना घेऊन जाण्याजोगं असतं का असं काही?

नाही, आणि हो. डेन्झिल फॉरेस्टर यांची चित्रं बघा. ग्रेनाडात जन्म, १९६७ साली लंडनला आले. १९८० च्या सुमारास ते तिथल्या रेगे आणि डब या जमैकन संगीताच्या क्लबांत कागद घेऊन अंधारात उभे राहायचे. एक गाणं वाजेपर्यंत एक रेखाटन, गाणं संपलं की कागद बदलायचा. दिव्यांचे झोत, घामेजलेले खांदे, स्पीकरच्या भिंती, सगळं जांभळ्या-निळ्यात थरथरतं. त्यांचा ओळखीचा एक तरुण १९८१ साली पोलिसांच्या ताब्यात असताना गेला, तेही त्यांनी रंगवलं. नाच आणि मरण एकाच हाताने.

हर्विन अँडरसन यांची केशकर्तनालयंही मुलांना आवडतात. गोऱ्यांच्या सलूनमध्ये केस कापून मिळत नसत किंवा तिथल्यांना ते जमत नसत, म्हणून कॅरिबियन मंडळी एखाद्याच्या घरच्या बैठकीच्या खोलीतच खुर्ची मांडायची. आरसा, बाटल्या, भिंतीवर चिकटवलेले फोटो, पाठमोरा बसलेला गिऱ्हाईक. चेहरा दिसतच नाही आणि तरी ते व्यक्तिचित्र आहे.

इतिहास माहीत नसेल तर ही चित्रं कळतात का?

काही कळतात, काही अडतात. हिमिद यांच्या ‘ल रोदर’ मालिकेतलं चित्र बघताना रंगीत पोशाखातली माणसं दिसतात, खिडकीबाहेर समुद्र, वातावरणात काहीतरी बिनसलेलं. पण ‘ल रोदर’ हे एका फ्रेंच गुलामवाहू जहाजाचं नाव. १८१९ साली त्यावर डोळ्यांची साथ आली, कैदी आणि खलाशी आंधळे होत गेले, आणि ‘माल’ खराब झाला म्हणून आंधळ्या कैद्यांना समुद्रात टाकून दिलं, एवढं कळलं की त्या माणसांच्या नजरा एकमेकांना का भेटत नाहीत ते लक्षात येतं. हिमिद जहाजावरचा हिंसाचार दाखवत नाहीत. १९५४ सालचा जन्म, २०१७ साली टर्नर पारितोषिक. ते मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

किमथी डॉन्कर यांनी जमैकाच्या नॅनी या सेनानीचं चित्र केलंय. अठराव्या शतकात पळून डोंगरात गेलेल्या गुलामांची ती पुढारी, इंग्रजांशी लढलेली. आज जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे. डॉन्कर तिला उभी करतात ती जोशुआ रेनॉल्ड्स या अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराने रंगवलेल्या एका उमराव स्त्रीच्या पवित्र्यात. हे माहीत नसलं तरी चित्र देखणं आहे. माहीत असलं की खोडी कळते.

प्लिमथच्या मुक्कामाबद्दलही इथेच सांगायला हवं. १५६२ साली आफ्रिकेतून गुलाम नेण्याची इंग्रजांची पहिली सफर काढणारा जॉन हॉकिन्स याच गावचा. लंडनमध्ये जे प्रदर्शन होतं तेच तिथे वेगळं वाचलं जाणार, हे उघड आहे.

वंश बघून वेगळं प्रदर्शन भरवणं म्हणजे पुन्हा एका कप्प्यात टाकणंच नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो जुना आहे. कराचीत जन्मलेले रशीद अराईन यांनी १९८९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ‘द अदर स्टोरी’ हे प्रदर्शन भरवलं. युद्धोत्तर ब्रिटनमधल्या आफ्रो-आशियाई चित्रकारांचं, २४ जणांचं. त्यात गयानाचे ऑब्रे विल्यम्स होते, हिमिद होत्या आणि आपले सूझाही होते. ब्रिटिश आधुनिक कलेच्या इतिहासातून ही माणसं गाळलेली आहेत, असं अराईन यांचं म्हणणं. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांनी मात्र त्यात भाग घ्यायला नकार दिला. त्यांना कलाकार म्हणून ओळख हवी होती, वंशाचं लेबल नको होतं. दोघांचीही बाजू पटण्यासारखी आहे, हीच तर अडचण.

त्याच्याही आधी, १९८५ साली हिमिद यांनी ‘द थिन ब्लॅक लाइन’ नावाने कृष्णवर्णीय आणि आशियाई अशा ११ स्त्रियांचं प्रदर्शन केलं. त्यात शांतिनिकेतनात जन्मलेल्या सुतपा बिस्वास होत्या. जागा मिळाली ती इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सच्या जाण्यायेण्याच्या बोळात! पुढे वीस वर्षांनी एशुन ज्या संस्थेचे संचालक झाले, तीच ही. आणि १९७९ नंतर वुल्व्हरहॅम्प्टनच्या परिसरातल्या कॉलेजवयीन कृष्णवर्णीय पोरांनी बीएलके आर्ट ग्रुप हा चित्रकारांचा गट काढला, त्यातल्या क्लॉडेट जॉन्सन यांच्या पेस्टलमधल्या भव्य आकृत्या २०२४ साली पोर्ट्रेट गॅलरीत लागल्या. मधली चाळीसेक वर्षं त्यांचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं.

माझं मत विचाराल तर: कप्पा वाईट तेव्हा, जेव्हा आत शिरल्यावर सगळं सारखं दिसतं. इथे मार्शल, शेरल्ड, वॉकर, आर्मिटेज यांचं काम एकमेकांशी भांडतं. तेवढं झालं की वरच्या पाटीवर काय लिहिलंय याची मला फार फिकीर नाही. दलित साहित्य असं वेगळं म्हणावं का, यावर आपल्याकडे किती शाई खर्च झाली. तोवर ढसाळांच्या कविता लोकांनी वाचल्याच की.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध लागतो का, की ओढूनताणून?

ओढायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंचा अर्ज संयुक्त राष्ट्रांपुढे गेला आहे असं वाचलं, त्याची प्रत हवी, अस्पृश्यांसाठीही तोच मार्ग धरण्याचा विचार आहे, असा आशय. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. ज्यांच्या कल्पनेवर प्रदर्शनाचा पहिला भाग बेतलेला, तेच हे. आणि १९७२ सालच्या दलित पँथरने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण चित्रांपुरतं बोलायचं तर आपला धागा मलिक अंबर. इथिओपियातून गुलाम म्हणून विकत विकत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० साली खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. जहांगीर बादशहाला तो कधी हाती लागला नाही. मग बादशहाने काय केलं? चित्र काढवून घेतलं. साधारण १६१६ चं, अबुल हसनच्या हातचं: जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. हे चित्र आज डब्लिनला आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६ साली म्हातारा होऊन गेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. काळ्या माणसाचं चित्र त्याच्या शत्रूच्या मनाजोगं कसं रंगवलं जातं, याचा याहून चांगला नमुना युरोपातही शोधावा लागेल. हाशिम या चित्रकाराने केलेलं अंबरचं दुसरं एक व्यक्तिचित्र, शांत आणि आब राखणारं, लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे. पोर्ट्रेट गॅलरीपासून भुयारी रेल्वेची मोजकी स्टेशनं.

गोव्याच्या सीमेलगत उत्तर कन्नडमध्ये राहणारे सिद्दी हेही आफ्रिकेतूनच आलेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या कवंद्या शिवतात, आपल्या गोधडीच्या सख्ख्या बहिणी.

या चित्रांच्या किमती इतक्या का वाढल्या?

मार्शल यांचं ‘पास्ट टाइम्स’ हे १९९७ चं चित्र शिकागोच्या एका सार्वजनिक संस्थेने २५,००० डॉलरना घेतलं होतं. मे २०१८ मध्ये लिलावात ते २ कोटी ११ लाख डॉलरना गेलं. संग्रहालयांना आपल्या भिंती किती गोऱ्या आहेत याची लाज वाटू लागली, श्रीमंत कृष्णवर्णीय संग्राहक आले, २०२० साली अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाल्यावर मागणी भडकली. विकणाऱ्या संस्थेला पैसे मिळाले, लिलावघराला मिळाले. अशा फेरविक्रीत चित्रकाराच्या पदरात सहसा काही पडत नाही.

प्रदर्शनात खटकलं काय?

यादी फार सुरक्षित होती. २२ पैकी बहुतेक नावं आधीच बाजारात पक्की झालेली. ‘फिगर’ हीच अट असल्यामुळे अमूर्त काम करणारे सगळे बाहेर राहिले, आणि फ्रँक बोलिंग यांच्यासारख्याने आयुष्यभर सांगितलं की काळ्या चित्रकाराने काळी माणसंच काढली पाहिजेत असं नाही. ते म्हणणं इथे ऐकू आलं नाही. शिवाय भिंतीवरचे मजकूर कधी कधी चित्राआधीच निकाल देऊन मोकळे होतात. आधी चित्र बघा, मग पाटी वाचा. उलटं केलंत तर पाटीच लक्षात राहते.

यावरून वाद झाले का?

प्रदर्शनावरून मोठा असा नाही. पण त्यातल्या दोघांना पुढच्याच वर्षी झळ बसली. २०२५ च्या वसंतात प्राइस यांची १२ फुटी ब्राँझ बाई न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभी राहिली आणि समाजमाध्यमांवर तिच्या जाडीपासून कपड्यांपर्यंत सगळ्यांवर शेरे पडले. पुतळा बनवण्याएवढी ही कोण, हा सूर. म्हणजे प्राइस यांना जे म्हणायचं होतं ते विरोधकांनीच सिद्ध करून दिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये शेरल्ड यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं स्वतःचं ठरलेलं प्रदर्शन मागे घेतलं. स्वातंत्र्यदेवतेच्या रूपातल्या एका ट्रान्स स्त्रीचं त्यांचं चित्र लावण्यावरून संस्था कचरत होती, असं त्यांचं म्हणणं. ते प्रदर्शन मग बाल्टिमोरला गेलं.

भारतात येणार होतं का?

नाही, दौऱ्यात फक्त वर सांगितलेले चार मुक्काम होते. पण अशक्य काही नाही. २०१७-१८ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने ब्रिटिश म्युझियमबरोबर ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ भरवलंच की.

संपलंय ना ते? मग आता कुठे बघायचं?

लंडनमध्ये असाल तर हॅकनी टाउन हॉलबाहेर जा. प्राइस यांचं ‘वॉर्म शोअर्स’, एक पुरुष आणि एक बाई, विंडरश पिढीच्या आठवणीसाठी २०२२ पासून तिथे कायमचं उभं आहे. तिकीट नाही, रांग नाही. तिथून चालत नॅरो वे स्क्वेअर. फुटपाथवर व्हेरॉनिका रायन यांनी केलेली प्रचंड आकाराची कॅरिबियन फळं मांडलेली आहेत. रायन या प्रदर्शनात नव्हत्या, पण त्याच पिढीच्या स्मरणार्थ केलेलं हे काम. एक नीरफणस आणि दोन आपल्या सीताफळ-रामफळाच्या जातकुळीतली. मुलं त्यांच्यावर चढून बसतात आणि कुणी हटकत नाही. सूझा आणि हिमिद दोघंही टेट या ब्रिटनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहेत, मात्र तिथली मांडणी बदलत असते, तेव्हा आधी चौकशी करून जा. मिशेल ओबामांचं चित्र वॉशिंग्टनच्या पोर्ट्रेट गॅलरीच्या मालकीचं. आणि मलिक अंबरसाठी लंडनला जायची गरजच नाही, औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, खुलताबाद पंचवीसेक किलोमीटर.